न भाजणारा हात

त्या वर्षी नवरात्रात सगळी गल्ली म्हणत होती की माझ्यावर देवीची कृपा झाली. मला मात्र आतून भीती वाटत होती. आमच्या नांदगावच्या देवळात आरतीनंतर निखाऱ्यांचं धुपाटणं फडक्यात धरून फिरवतात. मी ते चुकून उघड्या हातांनी उचललं आणि मला चटका जाणवलाच नाही. "मास्तरांच्या अंगात आई आली," म्हणत बायका पाया पडू लागल्या. घराण्यात पहिला बी.ए. झालेला मी. हे खरं नाही असं मनात येई. पण माझ्या आईचा उजळलेला चेहरा पाहून गप्प राहिलो. तळहाताला आलेले फोड मूठ मिटून लपवले. खडू हातातून निसटायचा, सदऱ्याची बटणं लागेनाशी झाली होती, तेही कोणाला सांगितलं नाही.

दिवाळीनंतर पंचवटीत दर्शनाला गेलो. टपरीवर वाफाळत्या चहाचा ग्लास मुठीत धरून बसलो होतो. शेजारी मालेगावचे एक वृद्ध गृहस्थ होते. सरकारी दवाखान्यात जखमा बांधण्यात त्यांची हयात गेली होती.

"काय भाऊ, हात हाय का सांडशी?"

मी जरा अभिमानानंच म्हणालो, "देवीची कृपा आहे, चाचा."

त्यांनी माझी मूठ उघडून पाहिली. "कृपा असती तर फोड आला नसता, बेटा. डोळे मिट."

माझ्याच पिशवीतली कापसाची फुलवात त्यांनी बोटांवरून फिरवली, ती कळली. मग गरम ग्लास टेकवला. काहीतरी लागलं एवढंच कळलं, गरम लागलं नाही. "स्पर्श कळतो, गरम नाय. महारोग नाय वाटत," ते म्हणाले. "हे हाताचं नाय, वरचं हाय, मानेतलं. आज डॉक्टरकडे जा, देवळात उद्या."

नाशिकमध्येच एमआरआय झाला. मानेत, मज्जारज्जूच्या आत, पाण्यानं भरलेली पोकळी तयार झाली होती; तिनं चटका आणि वेदना कळवणारे तंतू दाबले होते. सिरिंगोमायेलिया, क्वचित होणारा आजार. मेंदूचा खालचा भाग कवटीच्या तळाशी दाटून मेंदूभोवतीच्या पाण्याची वाट अडली होती. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशननं वाट मोकळी करू. गेलेली जाणीव परत येईलच असं नाही. पण थांबलात तर पायही जातील."

ऑपरेशनपेक्षा आईला सांगणं अवघड गेलं. संध्याकाळी आरती संपल्यावर ती देवळात उभी राहून म्हणाली, "माझ्या लेकाच्या अंगात देवी नव्हती, दुखणं होतं. त्याच्या पाया पडू नका गं. त्याच्यासाठी आईपुढं हात जोडा."

ऑपरेशननंतर शुद्धीवर आलो तेव्हा डॉक्टरांनी पाय हलवायला सांगितले. दोन्ही हलले.

हातांतली जाणीव काही परत आली नाही, पण दुखणं तिथंच थांबलं. त्या चाचांना मी नावसुद्धा विचारलं नव्हतं, पुढे पंचवटीत शोधूनही ते भेटले नाहीत. पूर्वी देवीपुढे उभा राहिलो की लोक माझ्याकडे बघताहेत का, इकडे माझं लक्ष असे. आता डोळे मिटतो. दुखतंय ते तिला सांगतो, आणि बाहेर येऊन आईलाही सांगतो.