बस्त्याव सरांचं नाणं

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी दुकानाच्या पायरीवरूनच परत पाठवतो. बारा वर्षांचा असताना भंगार उचलून सुरुवात केली, आज मनवेलपाड्यात स्वतःचा गाळा आहे – रेकॉर्ड प्लेअर दुरुस्ती आणि विक्री. जे भिंगाखाली दिसतं तेच खरं, एवढंच मानत आलो. म्हणून हे लिहिताना मलाच राग येतोय... पण लिहितो.

निर्मळ गावचे बस्त्याव सर, रिटायर्ड शिक्षक. त्यांच्या लग्नाच्या वर्षी घेतलेली भावगीतांची एकच रेकॉर्ड, रोज संध्याकाळी प्रार्थना झाली की लावायची. ती उड्या मारते म्हणून त्यांनी मला घरी बोलावलं. दर वेळी एकाच जागी अडकली तर दोष रेकॉर्डचा. ही दर वेळी वेगळ्या जागी उडत होती – म्हणजे सुई संपली. बघतो तर सुई धरणाऱ्या आर्मच्या टोकावर जुना जाड रुपया ठेवलेला! सुई उडू नये म्हणून आपल्याकडे घरोघरी करतात तो अडाणीपणा. रुपयावर सरांनी कर्कटकानं छोटा क्रूस कोरला होता.

"सर, हे वजन सुई खातंय, रेकॉर्डही खाईल," मी म्हणालो.

"शेठ, तुमच्या जन्माआधीपासून ते तिथे आहे," सर म्हणाले.

मी नवं कार्ट्रिज, म्हणजे सुईसकटचा पुढचा भाग, बसवलं. घासाघीस झाली, सर चिडले, मीही चिडलो. निघताना ते नाणं सरळ खिशात टाकलं – पुन्हा ठेवतील म्हणून. दुकानात स्क्रूच्या डब्यात फेकलं.

दहा दिवसांत फोन. "पुन्हा उडतेय. जुनीच सुई घातलीस तू. आणि माझं नाणं कुठाय?"

सुईबद्दल खोटं ऐकून माझं डोकं फिरलं. नको ते बोललो, फोन आपटला. पुढच्या रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, संपल्यावर सरांनी देवळाच्या अंगणात सगळ्यांना सांगितलं – तो मनवेलपाड्याचा माणूस चोर आहे. निर्मळ, आजूबाजूची गावं... जुनी यंत्रं सगळी तिथल्याच घरांत. बोलावणी बंद झाली. तीस वर्षांचं नाव एका वाक्यात गेलं.

मग सर वारले.

सरांच्या महिन्याचा मिस्सा झाल्यावर मी त्यांच्या बायकोकडे गेलो. मावशी अंगणात अबोलीचे गजरे बांधत होत्या.

"भांडायला आलास? माणूस गेला रे बाबा."

"सौदा करायला आलोय. तुमच्यासमोर कोरी सुई बसवतो, झाकण सील करतो. आठ दिवसांनी उघडू – मी बसवतो ती सुई कोरीच असते, आपोआप जुनी होत नाही, हे तुम्हीच बघा. सुई कोरी निघाली तर रविवारी अंगणात तुम्ही सांगायचं, की हा चोर नाही."

"आणि नाही निघाली तर?"

"तर मी चोर!"

मावशी पहिल्यांदा हसल्या. "कर."

सुईचं टोक त्यांना भिंगातून दाखवलं – गोल, चकचकीत. फिरवणारा बेल्ट काढून खिशात घातला, म्हणजे यंत्र फिरणारच नाही. झाकणाच्या तिन्ही बाजूंना माझ्या सहीच्या कागदी पट्ट्या डकवल्या. त्याच सकाळी स्क्रू शोधताना डब्यात ते नाणं मी पाहिलं होतं. हे मुद्दाम सांगतोय.

आठ दिवसांनी भर दुपारी पट्ट्या मीच फाडल्या. अखंड होत्या, सह्या माझ्याच.

झाकण उघडलं. आर्मच्या टोकावर नाणं होतं. क्रूस कोरलेलं.

भिंग लावलं. सुईच्या टोकाचा हिरा दोन्ही बाजूंनी चपटा झालेला – रोज वाजवून कित्येक महिन्यांनी होतो तसा. वजनाखाली घासलेला.

मावशी घाबरल्या नाहीत. "आलं का ते! शेवटच्या दिवसांत सारखं विचारत होते. मी कपाटं उपसली, उशा उसवल्या." मग माझ्याकडे पाहिलं. "तू नेलं होतंस?"

आयुष्यात कुणापुढे आवाज खाली आणला नाही. तेव्हा आला. "हो."

त्यांनी बेल्ट लावायला सांगितलं. त्या झिजलेल्या सुईवर, नाण्याखाली, रेकॉर्ड सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजली. एकही उडी नाही. नाणं उचलायचं धाडस मला झालं नाही.

दुकानात येऊन डबा टेबलावर ओतला. नुसते स्क्रू. गाळ्याची किल्ली माझ्याशिवाय कुणाकडे नाही. हत्यारांच्या पिशवीतून चुकून गेलं असेल म्हणाल... मग सील? न फिरलेल्या यंत्रात सुई कशी झिजली? या धंद्यात इतकी वर्षं काढली, मला उत्तर सापडलेलं नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा. चेष्टा करायची असेल तर समोर येऊन करा.

सुई मी बदललीच होती, हे आजही छातीवर हात ठेवून सांगतो. पण सौदा मी हरलो होतो. तरी त्या रविवारी मावशींनी अंगणात सगळ्यांना सांगितलं, "चोर नाही हो तो. सरांचं नाणं त्यानं आणून दिलं."

बोलावणी पुन्हा सुरू झाली आहेत. लोक नीट बोलतात, चहा देतात.

पण ते नाणं मी आणून दिलेलं नाही.