गरम तेलातली चकती

बाळांनो, आज शेजारच्या तापलेल्या तेलाच्या वासाने मला नांदेडच्या कॉलेजातली प्रयोगशाळा आठवली.

अल्ट्रासॉनिक ट्रान्सड्यूसरसाठी, म्हणजे कानाला ऐकू न येणारा आवाज काढणाऱ्या यंत्रासाठी, मी सिरॅमिकची चकती गरम तेलात ठेवून तिला हाय व्होल्टेज देत होते. तेल निवेपर्यंत वीज चालू राहिली, तरच ती चकती कामाची होते. माझ्याकडची ती शेवटची होती आणि प्रबंध तिच्यावर अडला होता.

विभागप्रमुख पाहुण्यांना घेऊन आले. "काय मॅडम, भजी तळून राहिल्या काय? ह्यांच्या चहाचं बघा की." तेल अजून गरमच होतं, तोच हसत हसत त्यांनी विजेचं बटण बंद केलं.

"सर, चकती वाया गेली."

"मग दुसरी तळा."

तेव्हा मला वाटलं, त्यांना कळलं नाही. आज मात्र संताप होतो, कारण तेल निवेपर्यंत वीज तोडायची नाही, हे वर्गात तेच शिकवायचे.