चढावरची लादी

अर्धा चढ संपला होता आणि मामाचा दमही. त्याने हातगाडीच्या चाकाला पायानेच एक दगड सरकवून लावला, बाहीने कपाळ पुसलं आणि गोणपाट उचलून पाहिलं. भुशाखालची बर्फाची लादी कडेने गोल व्हायला लागली होती. गाडीखालून पडलेल्या थेंबांची रेघ मागे वळणापर्यंत गेली होती.

"मामा, मागून हात लावते मी," भाची म्हणाली.

"तू पायाखाली बघ. निसरडं झालंय."

भाचीने हात मागे घेतला. निघताना मामीने तिला मुद्दाम बरोबर धाडलं होतं. "त्यांना अडवण्यात अर्थ नाही. नुसती सोबत जा. मध्येच बसले तर घरी घेऊन ये, बर्फ गेला उडत."

बर्फाच्या कारखान्याचा आज शेवटचा दिवस होता. मामाने घरोघरी बर्फ पोचवायची फेरी कधीच सोडली होती. गाडी मागच्या अंगणात उभी असायची आणि मामी तिच्यावर उशा वाळत घालायची. पण बातमी कानावर आली तशी त्याने उशा उतरवल्या, चाकांना तेल घातलं आणि सकाळी कारखान्यातून एक अख्खी लादी उचलली. माथ्यावरच्या फुलवाल्या ताईंसाठी.

भाची लहान होती तेव्हा सुट्टीत मामाच्या फेरीबरोबर जायची. बरोबर कसली, मागे पळायची. मामा असा चालायचा की जणू मागे कुत्रं लागलंय. पुस्तकं बांधणाऱ्याच्या दुकानापाशी आलं की तिला खळीचा वास यायचा, काहीतरी आठवायचं आणि ती म्हणायची, "मामा, थांब ना, तुला एक गंमत सांगायचीय."

"बर्फ थांबतो का? घरी सांग."

घरी आल्यावर मामा जेवायचा आणि भिंतीला टेकल्या टेकल्या घोरायला लागायचा. गंमत पोटातच राहायची.

त्याची मिळकतच तशी होती. लग्न ठरवताना मामीच्या वडिलांनी विचारलं होतं, मालमत्ता काय? मामा म्हणाला होता, "सकाळी विचारलंत तर दाखवतो. दुपारी राहत नाही." मामी अजून हे सांगते आणि पदर तोंडाला लावून हसते.

मामाची एक रीत होती. एक दिवस फेरी या टोकाकडून, दुसऱ्या दिवशी त्या टोकाकडून. शेवटच्या घराला कितीही झाकून आणलं तरी झिजलेला तुकडा जायचा. तो रोज एकाच्याच वाट्याला येऊ नये, म्हणून. पुढे घरोघरी फ्रीज आले आणि गिऱ्हाइकंही लादीसारखीच कडेकडेने झिजत गेली. तरी आहेत त्यांच्यात त्याने ही रीत मोडली नाही.

फक्त ताईंच्या बाबतीत ती चालली नाही. भरलेली गाडी हा चढ चढायची नाही. खाली उभी करून वर जावं, तर तेवढ्यात बाकीच्यांचा बर्फ पाणी. म्हणून फेरी कुठूनही निघो, ताई शेवटी. मूठभर राहिलेला तुकडा त्या रोज ओंजळीत घ्यायच्या आणि म्हणायच्या, "आलास ना, बास."

मामाने दगड काढला आणि जोर लावला. गाडी वीतभर वर गेली, तेवढीच मागे आली. पुन्हा तेच. गाडी तिसऱ्यांदा मागे आली तशी भाचीने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. मग तिला राहवेना.

"तू धर हट्ट, मामा. तोवर लादी होईल ताईंच्या नेहमीच्या मापाची."

मामाने वळून पाहिलं. 

"जीभ आईवर गेलीय तुझी," तो म्हणाला. "डाव्या अंगाला लाग. मी हूं म्हटलं की ढकल."

हूं, हूं करत गाडी माथ्यावर आली.

ताई दुकानाच्या पायरीवर दोरा तोंडात धरून बसल्या होत्या. मागे कोपऱ्यात काचेच्या दाराचा छोटा फ्रीज होता. मामाने गोणपाट काढलं. लादी थोडी खंगली होती, पण लादीच होती.

"आज पहिला नंबर माझा?"

"पहिला आणि शेवटचा. कारखाना बंद होतोय, ताई."

ताईंनी दोरा बाजूला ठेवला आणि दोन्ही तळवे बर्फावर टेकवले. लाल होईपर्यंत टेकवून ठेवले. "एवढी मोठी असते होय रे ही," त्या म्हणाल्या. मग उठून त्यांनी फ्रीजमधली सगळी फुलं बाहेर काढली आणि लादीभोवती मांडली. "होऊ दे आज चैन त्यांचीही."

उतरताना गाडी रिकामी होती. भाची जुन्या सवयीने झपाझप चालायला लागली. खाली पुस्तकं बांधणाऱ्याच्या जागी आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. त्याच्यासमोर मागून चाकांचा आवाज थांबला. तिने वळून पाहिलं. मामा गाडीच्या कडेवर बसला होता आणि शेजारची ओली फळी हाताने पुसत होता.

"कुठे पळतेस? आता वितळायचं काही नाही. बस इथे," तो म्हणाला. "तुला इथे नेहमी काहीतरी सांगायचं असायचं. सांग बरं आता. ते आठवत नसेल तर दुसरं काही सांग, पण सांग."