नत्थूची गाईड

हर्षा वर्धा स्टेशनबाहेर पाऊल टाकते न टाकते, तोच ऑटोवाला नत्थू तिच्यावर कोसळला. पहिल्या श्वासाला तिची बॅग ऑटोत गेली, दुसऱ्याला ती स्वतः गेली, आणि तिसऱ्याला तिला कळलं की पवनारची नदी नत्थूच्या आज्याने वळवली, बोर धरण बापाने बांधलं आणि सेवाग्रामची निम्मी झाडं खुद्द नत्थूने लावली.

"अन् ह्या आपल्या गाईड," शेजारी अंग चोरून बसलेल्या बायकोकडे, गोपिकाकडे हात करत तो म्हणाला.

गोपिका तोंडाचा पट्टा थांबू देत नव्हती. "ताई, हे सेवाग्राम. समोरून ट्रक येऊन राह्यला. डाव्या बाजूले शाळा, शाळेपुढं ब्रेकर. आता गाय." इतकी बारीकसारीक माहिती देणारी गाईड हर्षाने जन्मात पाहिली नव्हती.

ती माहिती हर्षासाठी नव्हतीच. काचबिंदूने नत्थूचे डोळे जवळजवळ गेले होते. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितलं होतं.

"वीस वर्सं झाले, रस्ता मले ओयखते," नत्थू म्हणे. "पाहुणे नसले तं मी घरी बसून करू काय?" मग हिंगणीची भाजीची वाडी शेजारणीवर टाकून गोपिका रोज पुढच्या सीटवर बसायची. ऑटो सुरू झाला की घरी पोचेपर्यंत तिची नजर रस्त्यावरून हलायची नाही.

बोर धरणाच्या वाटेवर, हिंगणीजवळ हर्षाने सहज विचारलं, "काकू, तुम्हाला स्वतःला इथलं काय आवडतं?"

असं तिला कुणी विचारलं नव्हतं. ती मागे वळली. "आमच्या वाडीतली वांगी, ताई. सकाळी दव पडलं ना, का..."

ऑटो पऱ्हाटीने, कापसाच्या वाळक्या काटक्यांनी, भरलेल्या बैलगाडीत घुसला. गाडीमागून चालणारी म्हातारी उडी मारून कडेला पडली, म्हणून वाचली.

"हे पाहा ताई, कापसाची पऱ्हाटी!" नाकात काटक्या गेलेल्या नत्थूने जाहीर केलं. "आपल्या भागाची शान!"

"काऊन रे," म्हातारी लुगडं झटकत ओरडली, "डोये फुटले काय तुये?"

नत्थू जोरात हसला. गोपिका खाली उतरली, तिने म्हाताऱ्या बाईला हात धरून उठवलं.

"हो मावशी," ती म्हणाली. "फुटले."

नत्थूचं हसू तिथेच विरलं. गोपिकाने ऑटोची चावी काढून पदराला बांधली.

बोर धरण हर्षाने पाहिलं नाही. महिन्याभरात ऑटो रोहणा गावच्या एका दूधवाल्याने, धर्मेंद्रने, विकत घेतला. तो त्यातून दुधाचे कॅन नेतो.