दोन बोटं पाणी

दुपारी जेवताना दादाने काचेच्या रिकाम्या ग्लासला तळाशी दोन बोटं आडवी लावली आणि वहिनीने बरोबर तेवढंच पाणी ओतलं. तेव्हापासून मला चैन नाही.

इतक्या वर्षांच्या दारूने त्याच्या हृदयाचा स्नायू सैल पडलाय. पसरलेल्या त्या हृदयाला रक्त पुढे ढकलवत नाही, अंगात पाणी साठतं, पावलं सुजतात. म्हणून डॉक्टरांनी दिवसभराचं पाणी ठरवून दिलंय. दारू सुटली, बोटं लावायची सवय मात्र राहिली.

ती बोटं माझ्या चांगल्याच ओळखीची. दर शनिवारी आम्ही दोघे भाऊ गच्चीवर बसायचो आणि ओतायला मी. तो दोन बोटं लावायचा, मी हसत हसत त्यांच्या वर जायचो. "अरे, पुरे!" तो म्हणायचा, तेही हसतच. प्रेमच होतं ते, दुसरं काय म्हणू? पण ते वरचं बोटभर शनिवारमागून शनिवार कुठे साठत गेलं, हा विचार पाठ सोडत नाही. प्यायलो तर मीही होतो. मग मी कसा ठणठणीत?

रात्री जेवताना वहिनी भाकरी आणायला आत गेली. दादाने रिकामा ग्लास माझ्यापुढे सरकवला, पुन्हा दोन बोटं लावली आणि हळूच म्हणाला, "आता तू ओत रे. तुझा हात सढळ आहे."

तांब्या माझ्याच हाताशी होता.