अंगठी न घेणारा रॉइस

"काका, अंगठी माझी आहे. मी ती कुणालाही देईन."

"तुझीच आहे. पण विकायची नाही, बदल्यात काही घ्यायचं नाही. कॉलेजनं देतानाच सांगितलं होतं ना?"

"बक्षीस द्यायचं आणि वर कुलूप लावायचं. हे कसलं देणं?"

"कॉलेजकडून तुझा शेवटचा सामना झाला की निघेल कुलूप. तोवर बोटात घाल आणि मिरव."

कॉलेजच्या संघातून खेळणाऱ्या लवेलनं विजेतेपदाची अंगठी हत्यारांच्या पेटीवर ठेवली. रॉइस टिलरीनं ती चिंधीनं त्याच्याकडे परत सरकवली.

"आईच्या गाडीचा गिअरबॉक्स गेलाय," लवेल म्हणाला. "शनिवारी निरोपाच्या सामन्याआधी शेवटच्या वर्षाची पोरं आपापल्या आईचा हात धरून मैदानात येणार. मी काय एकटा येऊ?"

"आणि अंगठीच्या बदल्यात दुरुस्ती, हा सौदा कॉलेजला कळला तर? मैदानात आई असेल, तू बाकावर, खेळायला बंदी."

टायरचा कारखाना बंद पडला, तेव्हा रॉइसनं घरामागच्या पेकनच्या झाडाखाली गाड्या दुरुस्त करायला घेतल्या. अलाबामाच्या त्या गावात तेव्हा पैसा कुणाकडेच नव्हता, तरी माणसं आली. कुणी अंडी आणली, कुणी सरपण, चर्चमधल्या बायकांनी भेंडीच्या लोणच्याच्या बरण्या. त्यावर त्याची पोरं वाढली. पुढे बरे दिवस आले, पत्र्याची शेड उभी राहिली. पण ज्याला जे जमेल ते त्यानं द्यावं, हा भाव रॉइसनं बदलला नाही. ज्यांनी तगवलं त्यांना नाही कुठल्या तोंडानं म्हणायचं, असं तो म्हणे.

"तुला सांगू नकोस म्हणाली होती ती," रॉइसनं अखेर तोंड उघडलं. "तुझी आई ओझेला सकाळीच येऊन मोल देऊन गेली. ते बघ."

फळीवर अंजिराच्या मुरंब्याच्या बरण्या ओळीनं उभ्या होत्या.

"कॉलेजला कळलं तर?"

"कळलंय. मीच फोन केला. खेळाडूची आई म्हणून सूट देताय का, असं विचारलं. म्हटलं, पाद्रीबुवांनी परवा ब्रेकच्या बदल्यात रताळी दिली. सगळ्यांना एकच भाव असेल तर हरकत नाही म्हणाले."

"गाडी होईल शनिवारपर्यंत?"

"झाली. शेडमागे उभी आहे. तुला भांडायचीच घाई."

लवेलनं अंगठी उचलली, बोटात घातली. मग उगाच बरण्यांकडे बघत राहिला.

"नीट चालशील ना रे तिच्याबरोबर?" रॉइसनं विचारलं. "की हजारो माणसांसमोर रडशील?"

लवेल डोळे पुसत बाहेर पडला.