जुना ड्रायव्हर आणि आतली खोली

मुलगी बारावीला गेली की टीव्हीला फडका आणि कॉम्प्युटरला मखर, असा तेव्हा नांदेडात रिवाज होता. आमच्याकडेही तसंच झालं. आईने टीव्हीवर भरतकामाचा रुमाल घातला, आणि क्लासवाल्यांनी दिलेल्या लेक्चरच्या डीव्हीडी बघायला म्हणून समोरच्या खोलीत एक वापरलेला कॉम्प्युटर आला. मी डॉक्टर होणार हे गल्लीने परस्पर ठरवून टाकलं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही कुणाला काही सांगितलं नव्हतं.

मला त्या कॉम्प्युटरवर घरं बांधायचा नाद लागला. मैत्रिणीने पेनड्राइव्हवर एक प्रोग्राम दिला होता. चौकोन काढायचा, तो माऊसने वर ओढायचा की भिंत उभी, आणि मग ते घर गरगर फिरवून सगळीकडून बघायचं. आमच्या ग्राफिक्स कार्डाला मात्र ते झेपेना, प्रोग्राम उघडायचाच नाही. मग मी त्या कार्डाचा नवा ड्रायव्हर उतरवून घेतला. ड्रायव्हर म्हणजे पडद्यावर चित्र कसं उमटवायचं हे कार्डाला सांगणारं सॉफ्टवेअर. आमचं नेट इतकं मुलखाचं आळशी की तो उतरेपर्यंत आईचा स्वयंपाक होऊन जेवणंही उरकली. पण प्रोग्राम उघडला.

सहज म्हणून मी अण्णांना दाखवला. अण्णा म्हणजे माझे वडील. उमरीच्या एका शाळेत कारकून होते, रोज पॅसेंजरने जाऊन येत. बोलणं बेताचं. त्यांचं गाव लातूरकडचं, भूकंपात गेलेलं. माझा जन्म त्यानंतरचा. मला एवढंच ठाऊक होतं की घर पडलं, त्यात अण्णांची धाकटी बहीण, म्हणजे माझी आत्या, गेली, आणि अण्णा नोकरीसाठी नांदेडला आले होते म्हणून वाचले. फोटो एकही नव्हता, घराचाही नाही आणि आत्याचाही नाही. आमच्या घरात हा विषय कुणी काढत नसे.

अण्णा पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “आमचं घर होईल का ह्याच्यात?”

त्या दिवसापासून गाडीतून उतरून आले की पाय धुऊन ते माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसायला लागले. “भिंत लई बारीक केलीस पोरी. दगडाची हाय ती, दोन हात रुंद पाहिजे.” “देवळी तिकडं न्हाई, चुलीच्या अंगाला.” मी एकदा कागदावर नकाशा काढून विचारलं होतं, तर म्हणाले, “ह्या रेघोट्यांत मला काय कळणार?” पण पडद्यावर भिंत उभी राहिली की त्यांचं तोंड उघडायचं. ओसरीवर कोण बसायचं, माळवदावर मिरच्या वाळत घातल्या की पोरांना वर जायची कशी बंदी असायची, पावसाळ्यात त्या मातीच्या छताला कुठे गळती लागायची, सगळं सांगत. आई दाराशी उभी राहून ऐकायची. भूकंपानंतर लग्न होऊन आलेली, तिनेही ते घर पाहिलं नव्हतं. “मला कधी सांगितलं न्हाई हे,” असं म्हणायची, थोडी रुसून आणि बरीचशी खूश होऊन.

दिवाळीपर्यंत घर जवळजवळ पुरं झालं. राहिली एक आतली खोली. तिथे धान्याची कणगी होती आणि आत्या झोपायची. “ती शेवटी घेऊ,” असं अण्णा दर वेळी म्हणत. मीही आग्रह केला नाही.

दिवाळीनंतर क्लासने डीव्हीडींचा नवा संच दिला. लावली, तर आवाज येतोय आणि चित्राच्या जागी नुसता हिरवा पडदा. आगीतून फुफाट्यात! आठवड्यावर चाचणी परीक्षा आलेली, आणि त्या चाचणीच्या मार्कांवर क्लासात बाक ठरायचे. कॉम्प्युटर ज्यांच्या दुकानातून आणला होता त्या चाचांना फोन केला. ते म्हणाले, “नवीन हर बार अच्छाच रहता क्या बेटी? पुराना ड्रायव्हर वापस लाओ,” आणि कुठे जाऊन काय दाबायचं ते सांगितलं.

मी ती खिडकी उघडून ‘रोल बॅक’च्या बटणावर माऊस नेला, तोच अण्णा आले. पाय धुतले, खुर्ची ओढली. नेहमीपेक्षा जरा जवळच.

“आज आतली खोली घे,” ते म्हणाले. “त्या खोलीचं दार हाय ना, ते...”

“अण्णा, आज न्हाई. ड्रायव्हर मागं नेऊन राहिले मी. लेक्चरच दिसंना झालेत.”

“मग घर?”

“घर न्हाई उघडायचं ह्याच्यावर. परीक्षा होऊ द्या, नवा परत टाकते. किती वेळ लागतो त्याला?”

“हाव,” ते म्हणाले. “अभ्यास आधी.” आणि खुर्ची उचलून जागेवर ठेवून दिली.

मी बटण दाबलं. पडदा काळा झाला, मग ढोबळ ढोबळ अक्षरं आली, मग सगळं बंद होऊन पुन्हा सुरू झालं. डीव्हीडी लावली तर सर फळ्यासकट हजर. घरांचा प्रोग्राम उघडून बघितला, त्याने कार्ड चालत नाही म्हणून सांगितलं. ते अपेक्षितच होतं. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. आत अण्णा आईला सांगत होते, “पोरीनं मेकॅनिक न बोलावता दुरुस्त केला.”

चाचणी झाली, मग मेडिकलची प्रवेश परीक्षाही झाली. मार्क कमी पडले. मग रिपीटर म्हणून लातूरला गेले, एका खोलीत चार पोरी आणि मेसचा डबा. तिथून अण्णांचं गाव फार लांब नव्हतं, पण मला तेव्हा खोलीपासून क्लासपर्यंतचाच रस्ता ठाऊक. सुट्टीत घरी आले की मी विचारायची, “टाकू का नवा ड्रायव्हर?” अण्णा म्हणत, “राहू दे आता. दमून आलीस.” मला खरंच सुटल्यासारखं व्हायचं. शेवटी डॉक्टर नाही, फार्मसी झाले. गल्लीने काही वर्षांनी मला माफ केलं.

मला वाटत होतं, अण्णांना घर बघायचंय, आणि घर कुठे पळून चाललंय. त्यांना काही सांगायचं असेल हे डोक्यातच आलं नाही. ऐकायला कॉम्प्युटर कशाला लागतो? तेव्हाच माऊस सोडून “दाराचं काय अण्णा?” एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं. या एका गोष्टीसाठी मला माझा अजून राग येतो.

शेवटच्या आजारपणात अण्णा अर्धवट झोपेत पुटपुटायचे, “दाराला रंधा मारायचा राहिला.” आमचं मागचं दार पावसाळ्यात फुगून घट्ट बसायचं. आईने सुताराला बोलावून ते तासून घेतलं. अण्णा पलंगावरून बघत होते. “हे न्हाई,” म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं. आई वैतागली, “आता आणखी कोणतं दार राहिलं?” त्या आठवड्यातच अण्णा गेले.

तेराव्याला त्यांच्या गावची एक म्हातारी आली. भिंतीला भिंत लागून तिचं घर होतं. भूकंपानंतर अण्णा गावाकडे फिरकलेच नव्हते, म्हणून मी तिला पहिल्यांदाच बघत होते. माझा हात धरून आत्याच्या आठवणी सांगायला लागली. “तिच्या खोलीचं दार लई अडकायचं. भावाच्या मागं लागायची, रंधा मारून घे म्हणून. तो म्हणायचा, नांदेडचं काम करून येतो, मग बघू.”

मी विचारलं, “दार उघडलं न्हाई म्हणून आत्या अडकली का?”

“कोण म्हणलं असं?” म्हातारी म्हणाली. “आम्हीच काढली की तिला. हातरुणातच होती, कुशीवर, पांघरूण गळ्यापर्यंत. उठलीच न्हाई ती. दाराचा काय संबंध?”

अण्णांच्या फोटोपुढे उदबत्ती जळत होती. म्हातारी त्या फोटोकडे बघून म्हणाली, “त्याला ठाऊक नव्हतं व्हय हे?”

“नव्हतं,” मी म्हटलं.